दारात संघपाल उभा आहे

सावली, बुधवार
(विजेची लाइन गेली आहे, दुकानात काम नाई, म्हणून अक्षर जरा चांगलं येऊन राह्यलं)

थोरल्या बहिणीले, कमलाबाईले, धाकट्या भावाचा, संघपालचा, रिनाचा अन् साक्षीचा घरभरून जय भीम.

बाई, इथी आम्ही सगळे ठीक आहो. तुह्या गुडघ्याचं कसं आहे? मागं पाठवलेलं तेल लावते, का शेजारच्या लालसूच्या बैलाले देऊन टाकलं? साक्षीचा दात पडला, तो तिनं तुले दाखवायले काड्यापेटीत जपून ठेवला आहे. धान यंदा बरं आहे. आता रोज फोनवर बोलतो, तरी पत्र काऊन, असं तुले वाटल. काही गोष्टी फोनवर बोलायले माह्यं तोंड उघडत नाई. तू मले कडेवर घेऊन फिरवलेलं, अजून बी तू आवाज चढवला का मी हो-हो करून फोन ठेवून देतो. पत्राले मधात तोडता येत नाई.

आधी कामाचं. दसरूभाऊ (ग्रामसभेचे अध्यक्ष म्हणून माणूस सरळ, पण मुदत दिली का दिली) बोलून गेले ना, का बांबूच्या अन् तेंदूच्या नोंदी तीस तारखेपर्यंत गावातूनच कॉम्प्युटरवर भरून गेल्या पाहिजे, नाई तर कॉम्प्युटर अन् काम दोन्ही तालुक्याच्या सेंटरले देऊन टाकू. हे ऐकलं तेव्हापासून माह्या जिवाले चैन नाई. भाऊजी गेल्यावर पन्नाशीत तू माउस हातात धरला. पहिल्या दिवशी टेबलाच्या बाहेर नेऊन म्हणे, आता याले अजून पुढं कसं नेऊ. अन् आज अख्खं गाव कागद घेऊन तुह्या समोरच्या खोलीत येते. ते काम तुह्या हातून जाऊ द्यायचं नाई, एवढंच माह्या डोक्यात होतं. पुढचा सगळा घोळ त्यापायी झाला.

तू कुठं अडली का तुही स्क्रीन मले इथून माह्या दुकानात बसून दिसावी अन् चालवता यावी, त्यासाठी आपण एक सॉफ्टवेअर वापरत होतो. फुकट होतं, चांगलं चालत होतं. स्क्रीनवर एक इंग्रजी डब्बी यायची, तू हिरवं बटन दाबायची, का मी आत. मंग एका दिवशी त्या कंपनीनं (नाव घेत नाई, त्याहीचे बी लेकरंबाळं असतील) ठरवलं का आपण बहीणभाऊ नाई, मोठा धंदा आहो, अन् दर पाच मिनिटाले लाइन तोडू लागली. आता तुह्याकडे यायचं म्हणजे गडचिरोली, मंग धानोरा, मंग जे भेटल ते, अन् इकडं दुकान दिवसभर बंद. मी म्हटलं, आपणच बनवू. असे सॉफ्टवेअर भले लोक फुकट मांडून ठेवतात, पण तयार नाई, सोर्स कोड म्हणून ठेवतात. म्हणजे तांदूळ नाई, धान. कांडून तुमचं तुम्ही घ्या.

आपण धानाच्या मुलखातले, आपल्याले कांडायचं काय भेव, असं वाटलं. पण सुरू केलं तर लॅपटॉप म्हणे, आधी अमुक आणा. ते आणलं तर ते म्हणे मले तमुक पाहिजे, अन् ते बी मागच्या वर्षीचं, यंदाचं चालत नाई. लग्नातले मानपानवाले पाहुणे परवडले, ते निदान जेवल्यावर उठतात. चार दिवस नुसतं सामान उतरवण्यात गेले. मंग खरं कांडण सुरू झालं, ते दीड तास चाले अन् शेवटाले येऊन मरे. असं तीनदा. कारण निघालं काय, तर मी फोल्डरचं नाव मराठीत ‘बाईचं काम’ असं मधात जागा सोडून ठेवलं होतं, अन् ते त्याले पचत नव्हतं. नाव बदलवलं तर गुपचूप झालं. लॅपटॉप एवढा तापे, का रिना दह्याचं विरजण त्याच्या बाजूले लावून ठेवे. बाकी काही म्हण, तो आठवडा आमच्या घरी दही फार छान लागलं.

कांडून झालं का पोत्यात भरणं राहते. म्हणजे सगळं मिळून एकच फाइल बनवायची, जी दोनदा दाबली का समोरच्याच्या कॉम्प्युटरवर आपोआप बसल. पहिलं पॅकेज बसच्या ड्रायव्हरजवळ पेन ड्राइव्हवर पाठवलं, त्यात माह्याच मशीनचा पत्ता टाकायचा राहून गेला. दुसरं नव्या कॉम्प्युटरचं झालं, तुहा तर जुना. तिसरं लालसूनं बसवायले घेतलं अन् अर्ध्यात मले फोन केला, का मशीन म्हणून राह्यली हा बनवणारा ओळखीचा नाई, खबरदार. मी म्हटलं, अरे तुह्या लग्नात मी वरात नाचवली. तो म्हणे ते मले माहीत आहे, पण मशीनले कोण सांगल. चौथं मात्र पक्कं बसलं. त्यात मी सगळं मराठी केलं होतं, इंग्रजी डब्बीच्या जागी लिहिलं होतं, ‘दारात संघपाल उभा आहे. आत घेता काय?’ मले वाटलं, बाईले वाचून बरं वाटल.

आता खरी मजा. मी इकडून लावलं, तिकडं डब्बी दिसली, तीस सेकंद गेले, उत्तर नाई, लाइन बंद. परत लावलं, परत तेच. तुले फोन केला तर तू म्हणे, मी तर इथीच आहो बाबा, तूच निघून गेला. मी पुन्हा कांडलं. टॉवरवर संशय घेतला, वायरीवर घेतला, ज्या परदेशी माणसानं कोड लिहिला त्याच्या अकलेवर घेतला. त्याले इंग्रजीत लंबी तक्रार लिहिली (पाठवली नाई, हे नशीब). अकरा दिवस गेले, तीस तारीख जवळ येऊन राह्यली, अन् मले तुह्या जागेवर तालुक्याचा कोणी पोरगा बसलेला दिसे.

काल लालसूनं सांगितलं. डब्बी आली, तुनं ‘दारात संघपाल’ वाचलं, का तू पदर सारखा करून आत जाते, गडवाभर पाणी आणते, मागून चहा मांडते. पाहुण्याले पाण्याआधी आत कसं घ्यायचं म्हणते. तू येईपर्यंत डब्बी गेलेली. मंग तो चहा लालसू पेते, अन् म्हणूनच तो अकरा दिवस चूप होता. आता साखर संपली तेव्हा बोलला.

बाई, मले आधी हसू आलं, मंग डोळे भरून आले. तुह्यावर राग नाई. पण मी तिथं दारात नसतो, इथी सावली गावात असतो, अन् तिथलं पाणी मले इथी पिता येत नाई. म्हणून हात जोडून सांगतो, मी आलो का तू बसून राहाजो, आधी बटन दाबजो. गुडघ्याले जपजो.

तुहाच
संघपाल

ता.क. : वरचं रिनानं वाचलं. ती म्हणे, बाईंची जन्माची सवय काऊन मोडता, कोड तर तुमच्याच घरी कांडलेला आहे ना. खरंच आहे. दुपारी लाइन आली अन् मी त्या तीस सेकंदाची पंधरा मिनिटं करून टाकली. एक आकडा बदलवायचा होता. हात जोडल्याचं खोडून टाकजो. पाणी आण, चहा मांड, मी उभा राहतो.

ता.क. दुसरं : पण तीस तारखेले दसरूभाऊ स्वतः येऊन नोंदी पाहणार, अन् ते तर खरेच दारातून येतील, का तू काम सोडून पाण्याले उठशील. त्याहीच्या डोक्यात पंधरा मिनिटं कशी टाकू? म्हणून पाचवं पॅकेज बसनं पाठवत नाई, एकोणतीसले मीच घेऊन येतो. दुकान दोन दिवस बंद. नोंदी तू करजो, मी त्यात एका बोटानं बी हात लावणार नाई. मले फक्त चुलीजवळ बसू दे. पाणी मी नेतो, चहा मी मांडतो, अध्यक्ष येवो नाई तर कलेक्टर येवो, तू खुर्चीवरून उठू नको.