राणीचं नाणं आणि दुकानाची पाटी

१२ मार्च
हळदीची आवक कमी. आमच्या आडतीच्या दुकानात सगळा शुकशुकाट. डबा खाता खाता सूनबाई, स्वाती, तिचं कॉलेजातलं पुस्तक चाळत होती. नाण्याचा फोटो दाखवला. "मामा, ही अगाथोक्लिया. यवनांची, म्हंजे ग्रीकांची राणी. पार तिकडं, सिंधूच्या अंगाला."
"नवरा?"
"वारला म्हणतात. पोरगं लहान. मग हिनंच राज्य चालवलं."
समोर भिंतीवर बंडूचा हार घातलेला फोटो. तिचा नवरा, माझा एकुलता एक. दोघांनीही तिकडं बघितलं नाही.

१५ मार्च
लिलावात स्वातीनं एका शेतकऱ्याचं हळकुंड कानाजवळ धरून मोडलं. "ओलं हाय, भाऊ. अजून वाळवा."
"बाई, बघितलं तरी का?"
"ऐकलं की!"
सगळे हसले. वाळलेलं खणकन मोडतं, हे मीच शिकवलेलं. हमालीपासून इथवर आलो ते या कानांवरच.
मागं दोघं खरीददार कुजबुजून राहिले होते, "म्हाताऱ्याची सून किती दिवस बसती इथं?" वळून दोघांना चहा पाजला. साखर जास्त टाकायला लावली.

१९ मार्च
पाडव्याला पाटी नवी. जुनीवर बंडूचं नाव. पेंटरला सांगितलं, वर स्वातीचं, ठळक. खाली नातवाचं, ओमचं. राणीच्या नाण्यावर बी तसंच हाय, एका बाजूला तिचा चेहरा, दुसऱ्या बाजूला पोराचं नाव. स्वातीला आत्ताच सांगायचं नाही.

२२ मार्च
स्वातीचा भाऊ संतोष आला, तिच्या माहेराहून, डोंगरकड्याहून. केळीचा घड घेऊन. मी आत देवापुढं दिवा लावत होतो. ओसरीवर त्याचं चाललेलं, "नांदेडचं स्थळ हाय, ताई. ओमसकट करून घ्यायला तयार. म्हातारा किती दिवस पुरणार तुला?"
स्वातीकडून नुस्ता केळी तोडल्याचा आवाज आला. बोलली असती तर मला ऐकू आलं असतं.
केळी गोड निघाली.

२४ मार्च
विचारलं, पुढं काय झालं राणीचं?
"आधी नाण्यावर तिचा एकटीचा चेहरा. मग तिचा आन् पोराचा. मग नुस्ता पोराचा."
"आन् ती?"
"म्हाइत न्हाई, मामा."

२६ मार्च
पेंटर येडा. नावं बराबर हायेत का म्हणून कागद घेऊन दुकानातच आला. स्वातीनं वाचलं. तो गेल्यावर म्हणाली, "मामा, हे मला मान द्यायला, का अडकवायला?"
हसण्यावारी नेता आलं असतं. जन्मभर तेच जमलं. म्हणालो, "दोन्ही, बाई."
मग तीच हसली. डोळे पुसून. "संतोषचं ऐकलं व्हय तुमी?"
"ऐकलं."
"काय कान हायेत!"
पेंटरला फोन करून थांबवलं.

२८ मार्च
स्वाती ओमला घेऊन नांदेडला गेली. संतोष सोबत. उद्या सकाळी येते म्हणाली. मीच म्हणालो होतो, "जाऊन ये. माझ्याकडं बघून हो बी म्हणू नको, न्हाई बी म्हणू नको." वसमत स्टँडवर सोडलं. एस.टी. हलली तशी खिडकीतून ओरडली, "मामा, गोळ्या फ्रिजवर हायेत!"
घरी टीव्ही लावून ठेवलाय. बघत नाही. असू दे आवाज.
ती राणी नाण्यावरून गेली म्हणजे मेलीच, असं थोडंच? असेल कुठं भावाकडं जेवत.
परवा पाडवा. पाटी कोरीच, भिंतीला टेकवून.
आत्ता लक्षात आलं, दुकानाची किल्ली स्वातीच्या पर्समधेच गेली. विसरली, का मुद्दाम नेली? दुसरी कपाटात आहे. उद्या ती काढून दुकान उघडावं, का पायरीवर बसून नांदेडच्या गाडीची वाट बघावी?