ग्रहणाच्या सकाळचा फोटो

माण, ता. मुळशी
२६ ऑक्टोबर २००९

प्रिय बाबा,

नमस्कार. 'तीर्थरूप' लिहिणार होते, पण वसतिगृहातून पाठवलेल्या माझ्या पहिल्या पत्रातला तो शब्द तुम्ही लाल पेनने खोडला होता, ते आठवलं.

आम्ही सगळे मजेत आहोत. आई इथे रमली आहे. डिंकाचे लाडू झाले, आळिवाचे झाले, आणि माझ्यापेक्षा तुमच्या जावयाचंच, ऋषिकेशचंच बाळसं वाढतंय. बाळ गुटगुटीत आहे. रडायच्या आधी खालचा ओठ बाहेर काढतं, क्षणभर विचार करतं आणि मगच सूर लावतं. आई म्हणते, हे थेट तुमच्यावर गेलंय. तुमचा गुडघा कसा आहे? गंगूबाईंनी फराळाचा डबा आणून दिला असं कळलं. दिवाळीत बार्शीच्या घरात तुम्ही एकटे होतात, हे काही मला गोड लागलं नाही.

इथे रस्त्याचं काम चालूच आहे. आमचे घरमालक हैबतराव, त्यांनी मागच्या बाजूला आणखी खोल्या काढल्या, तिथे ओरिसाची मुलं राहायला आली आहेत. ओळीने मोटारसायकली उभ्या असतात. त्यांच्या मधूनच घरमालकीण रत्नाकाकू गाईला गोठ्यात नेतात आणि गाईचं शेपूट कुणाच्या आरशाला लागलं की मुलाला नाही, गाईला रागावतात.

पत्र एवढ्यासाठी लिहितेय, की तुम्ही हल्ली मेल उघडत नाही आणि फोनवर "हं, बरं, आईला दे" याच्यापुढे जात नाही. शिवाय मेलला तुमचं उत्तर कसं येतं ते मला माहीत आहे. माझं एकेक वाक्य सुटं काढायचं आणि खाली मुद्दा क्रमांक एक, मुद्दा क्रमांक दोन. कागदावर तसं करायचं तर तुम्हाला सगळं पुन्हा उतरवून काढावं लागेल. तेवढ्या वेळात तरी नीट वाचाल.

तुम्ही निवृत्त झालात आणि मी संगणक पाठवला, तेव्हा आईला वाटलं होतं तुम्ही शाळेच्या आठवणी लिहाल. तुम्ही सरळ 'चव्हाटा' नावाच्या त्या संकेतस्थळावर खातं उघडलंत, 'सूक्ष्मदर्शक' असं नाव घेतलंत आणि भांडायला बसलात. मी ऑफिसातून आले की आधी तुमचं भांडण कुठवर आलंय ते बघायची. पत्रिका संगणकावर काढली की ती शास्त्रीय होते का, यावर तुम्ही त्या 'वेदमार्गी'ला आठवडाभर घोळात घेतलं होतंत. संगणकाला कधी मन फुटेल का, या वादात मी तुमच्या विरुद्ध उभी राहिले, तेव्हा तुम्ही फोन करून म्हणालात, "काय मांडलंस गं!" दहावीच्या निकालालासुद्धा तुम्ही असं बोलला नव्हतात. ते दिवस मला फार आवडले होते, बाबा. हे आधी लिहून ठेवते, पुढचं वाचताना विसरू नका.

मग जुलै आला. गरोदर बाईने ग्रहण पाळावं की नाही, यावर तुमची जुंपली. वेदमार्गीने लिहिलं, तुमच्यासारख्यांचं शौर्य नेहमी दुसऱ्याच्या लेकीबाळींसाठी असतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: "माझी स्वतःची मुलगी सातव्या महिन्यात आहे. बावीस जुलैच्या सकाळी, ग्रहण लागलेलं असताना, ती उंबऱ्यात बसून विळीवर भाजी चिरेल आणि केळं खाईल. फोटो इथेच येईल. बाळ ऑक्टोबरात येईल. तेव्हा बोलू."

मग मला मेल आली. फोटोत त्या दिवशीचं वर्तमानपत्र दिसलं पाहिजे, भिंतीवरचं घड्याळ दिसलं पाहिजे, विळी स्पष्ट दिसली पाहिजे. मी वाचून हसले. 'हो' मी कुठेच लिहिलं नव्हतं, आताही शोधून पाहिलं. पण 'नाही' तरी कुठे लिहिलं होतं? तिकडे लोक दिवस मोजायला लागले होते.

फोटो का आला नाही, ते आता सांगते. "नीट आला नाही" असं मी तुम्हाला फोनवर म्हणाले होते. तो काढलाच नव्हता.

त्या दिवशी उजाडता उजाडताच आम्ही तयार होतो. आभाळ भरलेलं होतं, सूर्य दिसायची काही आशा नव्हती. ऋषिकेशने कॅमेरा चार्ज करून ठेवला होता आणि तो खाली वर्तमानपत्र आणायला गेला होता. मी दुधी भोपळा आणि विळी घेऊन वरच्या उंबऱ्याशी बसत होते, तेवढ्यात रत्नाकाकू जिना चढून आल्या. एरवी त्या दाराशी उभ्या राहून बोलतात. त्या दिवशी वरच्या पायरीवर बसल्या.

"तुज्या बानं सांगितलंय व्हय हे?"

"हो काकू. पण त्याने काही होत नाही, खरंच."

"तुमी शिकल्याली मान्सं, तुमाला म्हाईत." मग विळीकडे बघून म्हणाल्या, "मी पन धरला व्हता गं इळा. गिरानात."

त्यांची वैष्णवी तुम्हाला माहीत नाही. इथल्याच भरे गावात दिली आहे, दोन मुलं आहेत, भारी बोलकी आहे. वरच्या ओठावर टाक्याची बारीक रेघ आहे, सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. ती पोटात असताना भर दुपारचं ग्रहण होतं. तुम्ही आम्हाला सांगायचात ना, ऐंशी सालचं, रस्ते ओस पडले होते, तेच. गाय नुकती व्यालेली आणि वैरण संपलेली. सासू निजलेली बघून काकू विळा घेऊन बांधावर गेल्या. वैष्णवी जन्मली ती फाटलेल्या ओठाची.

"सासू आल्यागेल्याला पोरगी दावायची," काकू म्हणाल्या. "दुपटं बाजूला करायची न म्हनायची, बगा, हिनं इळा धरला. पावना कोन बी असू दे. च्या देताना मला कळायचं, आता दावनार."

मी दुधी हातात घेतला.

"काप तू," त्या म्हणाल्या. "मला बगायचंय."

बाबा, त्या मला अडवायला आल्या नव्हत्या. त्यांना खरंच बघायचं होतं. मी चिरावं, ऑक्टोबरात माझं बाळ चांगलं व्हावं आणि आपल्या मनातला तो काटा निघावा, एवढं सगळं त्या माझ्यावर टाकून समोर बसल्या होत्या.

आणि माझा हात पुढे जाईना.

तुमच्यासाठी मी मुद्दे काढू शकते. ग्रहण असो नसो, काही मुलं फाटलेल्या ओठाची जन्मतातच. माझ्याच बाळाचं तसं झालं असतं, तर या बाईला कुणी वाचवलं असतं? आणि एका बाळावरून काही सिद्धही होत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. हे सगळं खरं आहे. पण ते मला नंतर सुचलं. विळी समोर होती, दुधी हातात होता आणि मी घाबरले होते. बाळ आतून ढुशी देत होतं आणि मला वाटत होतं, नको. एवढंच. मला सगळं माहीत होतं आणि तरीही मी घाबरले होते. हे मी ऋषिकेशलाही नीट सांगितलेलं नाही.

वेळ काढायला म्हणून मी विचारलं, "काकू, ते ग्रहण होतं तेव्हा कितवा महिना होता तुम्हाला?"

"पाचवा सरून सहावा लागल्याला."

आणि मला तुमचं वाक्य आठवलं. त्या आव्हानाच्या आधीच्या तुमच्या लांबलचक लेखात ते मधेच कुठेतरी होतं. ओठ आणि टाळू पहिल्या तीन महिन्यांतच जुळून येतात, त्यानंतरच्या ग्रहणाला तिथे करायला काही उरलेलंच नसतं. त्यावर चव्हाट्यावर एकानेही उत्तर दिलं नव्हतं. सगळे पुढच्या टोमण्यावर तुटून पडले होते. मीसुद्धा ते भरभर वाचून पुढे गेले होते.

मी म्हटलं, "काकू, बाळाचे ओठ तिसऱ्या महिन्याच्या आतच जुळतात. जुळायचे राहिले असतील, तर ते तेव्हाच राहिले. ग्रहणाच्या कितीतरी आधी."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "आदीच?"

"आधीच."

"मी इळा धरला तवा..."

"तेव्हा वैष्णवीचा ओठ जसा होता तसाच होता. तुमच्या विळ्याने काही झालं नाही."

"तुला कोन म्हनलं?"

"माझे बाबा. विज्ञान शिकवायचे ते शाळेत."

खाली गाय हंबरली, तिकडेही काकूंचं लक्ष गेलं नाही. मग म्हणाल्या, "म्या न्हाई केलं." विचारल्यासारखं नाही, नुसतंच. पुन्हा एकदा म्हणाल्या. मग उठल्या आणि मला म्हणाल्या, "सरक जरा. तू ऱ्हाऊ दे. माजं मला कापू दे."

विळीवर पाय देऊन बसल्या आणि अख्खा दुधी चिरला. आधीच काळवंडलेलं आभाळ आणखी जरा मंदावलं असेल नसेल, समोरच्या तारेवरचे कावळे मात्र गप्प झाले. काकूंचा पदर डोक्यावरून घसरला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात थांबत नव्हता. ऋषिकेश वर्तमानपत्र घेऊन आला, त्याने आपला कॅमेरा उचलला. मी मान हलवून त्याला नको म्हटलं.

ग्रहण सुटल्यावर त्यांनी डोक्यावरून आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला आणि वर येऊन मला सांगून गेल्या, "आज देवाला नीट त्वांड दावलं बग." हे तुम्हाला आवडणार नाही, पण झालं ते असं झालं. त्या दुधीची चण्याची डाळ घातलेली भाजी दुपारी आम्हाला आली. फार चांगली झाली होती.

तिकडे तुम्ही फोटोची वाट बघत होतात. लोक तुम्हाला काय काय म्हणाले ते मी वाचलं. कुणी मुलगीच खोटी म्हणालं, कुणी सूक्ष्मदर्शकाची काच फुटली म्हणालं. मी एक शब्द लिहिला नाही, आणि तुम्ही खातं बंद केलंत. त्या आठवड्यात मला एकच खाजगी निरोप आला, तो वेदमार्गीचा; संगणकाच्या त्या वादावरून मीच ती मुलगी, हे त्याने ओळखलं असावं. "ताई, वाद राहू द्या. प्रकृती ठीक आहे ना?" एवढाच. मी ठीक आहे म्हणून कळवलं. तो नांदेडचा आहे, बँकेत आहे आणि त्यालाही मुलगी आहे.

तुमची झालेली नाचक्की मला लागली, बाबा. पण एक गोष्ट मलाही लागली होती, ती अजून लिहिलेली नाही. तुम्ही मला विचारलं नव्हतंत. सगळ्यांसमोर सांगून टाकलंत, माझी मुलगी हे करेल. रत्नाकाकू जेव्हा सासूचं सांगत होत्या, आल्यागेल्याला दाखवायची म्हणून, तेव्हा मला तुमची आठवण झाली. तुम्ही तसे नाही, हे मला माहीत आहे. तरी झाली. हे लिहायचं की नाही, यावरच पत्र इतके दिवस अडलं होतं.

आता पुढचं सगळं चांगलंच आहे. दसऱ्यानंतर मुलगी झाली, सुखरूप. दवाखान्यात हातात दिली, तेव्हा पहिल्यांदा ओठ बघितले ते मी. रत्नाकाकू आल्या त्यांनी पाय बघितले आणि म्हणाल्या, "लांब हायेत. उंच हुनार ही." ओठांकडे त्यांचं लक्षसुद्धा नव्हतं. वैष्णवी मुलांना घेऊन आली होती. काकूंनी तिला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "आये, तुला एवडं वाटत व्हतं व्हय? मला वाटायचं, आज्जीला माज्यावर लई जीव, म्हनून दावती समद्यांना." मग आम्ही तिघी इतक्या हसलो, की नर्स रागावली.

बारसं मी मुद्दाम लांबवलंय. पुढच्या महिन्यात खालच्या अंगणात करू म्हणतोय. हैबतरावांची सगळी भावकी येईल, त्यात काकूंच्या सासूच्या वेळच्या म्हाताऱ्या बायकाही असतील. काकूंचं तुमच्याकडे एक मागणं आहे, त्यांच्याच शब्दांत देते: "मास्तरांना म्हनावं, सासू तर गेली. पन तिचं ऐकल्याल्या बाया हायेत अजून. चार मान्सांत एकदा बोला ते. मी सांगितलं तर कोन ऐकतंय?"

मी सांगून उपयोग नाही. माझ्या अंगावर जीन्स असते. तुम्ही धोतरातले, पांढऱ्या केसांचे, तुमचं ऐकतील. मुद्दा क्रमांक नको, टोमणे नकोत. पाळण्याशेजारी उभं राहून ओठांचं ते एकच वाक्य बोला, मोठ्याने, वर्गात बोलायचात तसं.

मी काकूंना अजून 'हो' म्हटलेलं नाही. आधी तुम्हाला विचारतेय. जमेल का, बाबा? गुडघा दुखत असेल तर ऋषिकेश गाडी घेऊन न्यायला येईल.

आणि माझ्यावरचा राग अजून असेल, तर तो घेऊनच या. इथे जागा आहे.

तुमची घाबरट मुलगी,
किमया