दोन रांगा बटनांचा कोट

बाबा, तुमाले एक गोष्ट विचारायची आहे, अन् ती दुसऱ्या कोणाले विचारण्यासारखी नाही. तुमी मले दुसरीपर्यंत शाळेत घातलं, मंग वासरं राखाले लावलं, म्हणून अक्षर पाहू नका. मी एक कोट घेतला. जावयासाठी. म्हणजे सगळ्यायले मी असंच सांगितलं.

तुमचे जावई, आमचे कारभारी, गेल्यापासून घरचा बाजार मीच करते. माझा जावई अकोल्याले कापसाच्या जिनात मुकादम आहे. दिवाळीले त्याले धोतरजोडा अन् उपरणं दिलं, तर त्यानं हात बी लावला नाही. खाटेवर तसंच टाकून एकटाच निघून गेला अन् लेक माझ्याच घरी राह्यली. भांडण नाही, वाकडा शब्द नाही, नुसतं निघून जाणं. नदीवर बाया विचारत, "काय वो, लेक अजून इथंच?" मी म्हणायची, "तुमच्या घरचं खाते काय?" अन् धुणं अर्धंच टाकून घरी यायची. मंग त्याचा निरोप आला. कोट पाहिजे. साधा नाही, जहाजावरच्या शिपायायचा असतो तो. काळा म्हणावा तर निळा, जाड लोकरीचा, समोर बटनायच्या दोन रांगा. संक्रांतीच्या आहेरात तो भेटला तर येतो अन् बायको घेऊन जातो.

आता वाशिमात जहाज कुठून आणू? पण लढाई संपली होती अन् पलटणीचा उरलासुरला माल गठ्ठ्यायनं बाजारात येऊन राह्यला होता. एका शेटजीच्या दुकानात असे दोन कोट निघाले. एक मोठा, एक त्याच्याहून लहान. बाकी दोन्ही सारखेच. बटनावर काही उठवलेलं होतं. शेटजी म्हणे, जहाजाचा नांगर. ना फाळ, ना रुमणं, कसला नांगर! अन् बटनं दोन रांगा, पण काजं पाहावं तर दोन्ही बाजूनं. इकडून बी लागतो, तिकडून बी लागतो. मी म्हटलं, मंग खरी बाजू कोणती? शेटजी म्हणे, वारा जिकडून येईल त्याच्या उलटी. मले हे काही पटलं नाही. कपड्याले एक बाजू असावी.

तवा तुमची आठवण झाली. शिरपूरच्या बाजारात तुमी घोंगडं घ्याले गेले होते अन् मले संगं नेलं होतं. धनगर लाख सांगो, तुमी ऐकून घेत नव्हते. घोंगडं चौघायच्या हातात ताणून धराले लावलं, वरून तांब्याभर पाणी ओतलं अन् मले म्हणाले, "खालून हात लाव. वल्लं लागलं त सांग." मी घोंगड्याखाली उभी. वर पाण्याचं तळं, खाली माझा तळहात कोरडा. सारा बाजार माझ्या तोंडाकडं पाहून राह्यला होता. मी म्हटलं, "कोरडं!" अन् तुमी घोंगडं घेतलं. माझ्या बोलण्यावर कोणी काही विकत घेतलं ते तेवढंच.

म्हणून मी म्हटलं, "शेटजी, तांब्याभर पानी द्या."

"प्याले?"

"कोटावर टाकाले."

"अवो बाई, कोट हाय, भाजीची जुडी नोहे शिंपडाले!"

"जहाजावरचा म्हनता नं? मंग पान्याले काहून भेता?"

गादीवर एक म्हातारा गिऱ्हाईक पान लावून राह्यला होता, तो इतका हसला की चुना धोतरावर सांडला. "द्या शेटजी, पानी द्या. बाईनं धरलं तुमाले."

शेवटी बाहीवर पाणी टाकलं. मी आत हात घातला. कोरडं. दुसऱ्या कोटाची बाही, ते बी कोरडं. आता झाली का पंचाईत? तुमची रीत करून झाली अन् मी होती तिथंच. तुमाले कधी असं झालं काय? दोन घोंगडी कोरडी निघाली तर तुमी कोणतं घेत होते, हे मी पाहिलंच नाही.

शेटजी म्हणे, "जावयाचं माप काय?" मी म्हटलं, "मानसासारखा मानूस. माप काय त्याले?" म्हातारा म्हणे, "पाटलीनबाई, तुमीच घालून पाहा. फौजदार दिसान!" मले त्याचा राग आला. राग आला की समोरचा म्हणते तेच मी हटकून करते, हे तुमाले ठाऊक आहे. लहान कोट उचलला अन् लुगड्यावरून अंगात चढवला.

पुढचं कसं सांगू ते समजत नाही. कोट जड होता, पण तो जडपणा खांद्यायले बरा वाटत होता. बाह्या मनगटापर्यंत. मनगटाले ऊब असते हे मले या वयात समजलं. दोन्हीकडं खिसे, तिरपे, आत मऊ फडकं लावलेलं. हात आपोआप गेले. बाबा, आमच्या बायायच्या हाताले जागाच नसते. काम नसलं तर पदर धरायचा, नाही तर एकमेकात गुंतवायचे. मी हात खिशात घालून उभी राह्यली अन् तो म्हातारा हसायचा थांबला. शेटजीनं सुतळी उचलली. म्हणाले, "मंग कोनता बांधू?"

मोठा कोट समोरच खुंटीले होता. जावई माझ्याहून वीतभर उंच आहे, लग्नात मी त्याच्या कानापर्यंत बी पोचली नव्हती. तरी मी म्हटलं, "हाच." काहून म्हटलं? घरी येईपर्यंत तेच विचारत होती अन् आज बी विचारून राह्यली.

घरी आली तर शेजारच्या घरातल्या जाऊबाईनं कोट पाहिला. पहिला सवाल, "दुकानात आंगात घातला काय?" मी म्हटलं, "घातला." "मंग घडी मोडली तुमी. जावयाच्या आहेराले कपडा कोरा लागते. आता उष्टा देता काय त्याले?" मी म्हटलं, "दुकानातलं घालनं म्हंजे घडी मोडनं नोहे." "आंगाले लागलं का नाही?" लागलं तर होतंच. मंग मीच आतल्या कोपऱ्याले हळदीचं बोट लावलं, होती तशी घडी घातली अन् पेटीत ठेवला.

त्या घोंगड्याचं बी असंच झालं होतं. शिरपुराहून येताना गाडीत मी ते अंगावर घेतलं. तुमी मागं वळले अन् ओढून काढलं. म्हणाले, "आंगाले ऊब लावून घेऊ नको. लोकाच्या घरी नांदाचं हाय." अन् घोंगडं बैलाच्या पाठीवर टाकलं. मी रडली नाही, पण त्या बैलाले पुढं कधी भाकरी चारली नाही. अन् सकाळी उठून पाहते तर घोंगडं माझ्या अंगावर. मायले विचारलं, ती भाकरी थापत होती. म्हणे, "म्या नाही टाकलं बाप्पा." तुमाले विचाराची हिंमत झाली नाही. मंग ते गाडीतलं बोलणं खरं, का हे खरं? हेच विचाराचं होतं मले. दोन्ही खरं असंल तर मी कोणतं धरून चालू?

संक्रांतीले जावई आला. मी विधवा, औक्षण जाऊबाईनं केलं. कोट दिला. त्यानं उभ्याउभ्याच अंगात घातला अन् दोन्ही मनगटं चार बोटं बाहेर. बटन लावाले गेला तर पाठ ताणली. जाऊबाई माझ्याकडं पाहे, मी जमिनीकडं. आता जावई कोट खाटेवर टाकते अन् निघते, असंच वाटलं. तर आतून लेक तिळगूळ घेऊन आली. नवऱ्यासमोर कधी तोंड न उघडणारी पोरगी म्हणे, "बाह्या बरोबर हायेत. तुमचेच हात लांब हायेत."

त्यानं एकदा आपली मनगटं पाह्यली. मंग असा हसला की एक बटन तुटता तुटता राह्यलं. म्हणे, "आवर तुही पेटी."

जेवण करून दोघं निघाले. गाडीत कोट त्यानं काढला अन् लेकीच्या खांद्यावर टाकला. मी वेशीपर्यंत गेली.

आता घरात मी एकटी. झालं ते चांगलं झालं, नदीवर आता कोणी काही विचारत नाही. तुमाले जाऊन इतकी वर्सं झाली, हा कागद पाठवाचा कुठं? फळीवर ठेवीन, नाही तर चुलीत घालीन. पण एक सांगते. गाडी वळेपर्यंत मी डोळ्याले पदर लावून उभी होती अन् जाऊबाई साऱ्या गावाले सांगत सुटली, मायचं काळीज ते. बाबा, मी लेकीकडं पाहत नव्हती. कोटाकडं पाहत होती.