एकाच माणसाचं जेवण

गुरुवार, २४ सप्टेंबर

पोचलो एकदाचे! उत्तरेतल्या तोरिनोहून इथवर अख्खा दिवस गाडीत गेला, पण रस्ता चुकल्यावर एत्तोरेने एकदाही माझ्यावर तोंड टाकलं नाही. घटस्फोट ठरल्यापासून माणूस सोन्यासारखा वागायला लागलाय. मंगळवारी सह्या. त्याआधी चार दिवस दक्षिणेत समुद्रावर घालवायचे, ही कल्पना त्याचीच. म्हणाला, लग्न बँड लावून केलं, मग निरोप काय वकिलाच्या जिन्यात घ्यायचा? जन्मभर ट्रॅम चालवली आहे त्याने, शेवटच्या थांब्यापर्यंत नीट न्यायची सवय आहे. माझ्या सलूनमधल्या बायका फिदीफिदी हसल्या. हसू देत.

घर छोटंसं, पण झकास. स्वयंपाकघराला निळ्या फरशा, खिडकीखाली लिंबाचं झाड आणि त्यापलीकडे थेट पाणी. हंगाम संपलाय, किनाऱ्यावरच्या छत्र्या मिटून ठेवल्यात. मालकीण वर राहते, काळ्या कपड्यातली एवढीशी म्हातारी, सगळे तिला आदराने दोन्ना असुंता म्हणतात. तिने विचारलं, एक पलंग घालू की दोन? मी म्हटलं, दोन घाला बाई, हा माझ्यासाठी मेलाय, मंगळवारी फक्त माती द्यायची राहिलीय.

एत्तोरे खो खो हसला. माझ्या सलूनमध्ये असल्या वाक्यावर कात्र्या थांबतात. म्हातारी मात्र हसली नाही. छातीवर क्रूसाची खूण केली आणि मला विचारलं, पोरी, नक्की ना? मी म्हटलं, अगदी नक्की. मग तिने त्याचं पूर्ण नाव आणि वय विचारून घेतलं. भाडेकरूंची नोंद ठेवावी लागत असेल.

शुक्रवार, २५ सप्टेंबर

सकाळी चर्चची घंटा फार सावकाश वाजत होती. पोहून आलो तर दारातल्या आरशावर कुणीतरी चादर टाकलेली. खाऱ्या हवेने काच खराब होत असेल, असं एत्तोरे म्हणाला.

दुपारी तर कमालच झाली! गल्लीतल्या चार बायका पांढऱ्या फडक्यात बांधून जेवण घेऊन आल्या. कोंबडीचा रस्सा, पाव, थर्मासभर गोड कॉफी. मला एकेकीने पोटाशी धरलं. तू काही चूल पेटवू नकोस बाई, आम्ही आहोत, सगळं आणून देऊ, असं बजावून गेल्या. तोरिनोत समोरच्या दाराची बाई चिमूटभर मीठ देताना कपाळाला आठ्या घालते. मला खरंच भरून आलं. एत्तोरे चिडवायला लागला, की आपल्या लग्नात माझ्या आईनेसुद्धा तुझी एवढी सरबराई केली नव्हती. मी म्हटलं, तुझ्या आईने मला पाणी विचारलं तेच पुष्कळ होतं.

वाडगा एकच होता आणि चमचाही एकच. आम्ही तरुणपणासारखे एकाच चमच्याने जेवलो. रस्सा उत्तम होता, पण त्याला सपक लागला, दोन घास खाऊन त्याने माझ्याकडे सरकवला. मी शेवटपर्यंत चाटूनपुसून खाल्लं.

संध्याकाळी चौकातल्या बारमध्ये गेलो. एत्तोरेने दोनदा कॉफी मागितली, पण बारवाल्याने फक्त मला विचारलं आणि माझे पैसेही घेतले नाहीत. एत्तोरे म्हणाला, उत्तरेकडच्यांना इथे असंच वागवतात. मी म्हटलं, मीही उत्तरेचीच आहे की.

शनिवार, २६ सप्टेंबर

गावात कुणी गेलं की काळ्या चौकटीचा कागद भिंतीवर लावतात, तोरिनोतही लावतात, त्यात नवल नाही. मासळीवाल्याच्या शेजारी तसा एक खळीने अजून ओला कागद होता. एत्तोरे बोनिनो, वय त्रेपन्न. खाली लिहिलेलं, शोकाकुल पत्नी मिरेल्ला. म्हणजे मी.

मी तो नखांनी ओरबाडून काढला. एत्तोरे शांतपणे वाचत उभा होता. म्हणाला, नाव तरी बरोबर छापलंय, पगाराच्या चिठ्ठीवर कायम चुकवतात. मी हसले नाही. त्याचा हात धरला तर बर्फासारखा गार.

तशीच वर गेले आणि म्हातारीला वाट्टेल ते बोलले. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, तूच सांगितलंस, घरात पाय ठेवताना, त्याच्या देखत. मी विचारलंसुद्धा, नक्की का म्हणून. बायको सांगते तेव्हा गाव कोण शंका घेणारं? गावाने आपलं काम केलं. घंटा वाजवली, आरसा झाकला, कागद लावला, दुखवट्याच्या घरी जेवण पोचवलं. आणि बाळ, तू ते जेवलीस.

मी म्हटलं, चेष्टा होती ती. ती म्हणाली, इथे मरणाची चेष्टा कुणी करत नाही, मग आम्हाला कशी कळणार?

बॅगा भरल्या आणि गाडी काढली. गावाबाहेरच्या पुलापाशी एत्तोरेने ब्रेक दाबला. पुढे रस्ताच नाही, म्हणाला. मला दिसत होता. पूल, वळण, पेट्रोल पंपाची पाटी, सगळं दिसत होतं. मी स्टिअरिंग घेतलं. पुलावर चाकं चढली आणि शेजारून त्याचा श्वास ऐकू येईना. मी गाडी मागे घेतली.

दारात पुन्हा ते पांढरं फडकं ठेवलेलं होतं. मी हात लावला नाही.

रविवार, २७ सप्टेंबर

दुपार. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या बंद. एत्तोरे पलंगावर आडवा झालाय, पण गादी दबत नाही. उशीवर खळगा नाही.

सकाळी त्याला त्याच्या ट्रॅमचा नंबर आठवेना. मग आमच्या रस्त्याचं नाव. नंतर त्याने आठवायचंच सोडून दिलं. खिडकीत उभा राहिला की त्याच्यामागचं लिंबाचं झाड मला दिसतं. पुसट, पण दिसतं.

उचलली जीभ लावली टाळ्याला, आई मला हेच म्हणायची. मला वेगळं राहायचं होतं. त्याचं घोरणं नको होतं, त्याचे मोजे नको होते, जेवताना त्याचं ते गप्प बसणं नको होतं. पण तो कुठेतरी ट्रॅम चालवतोय, पावसात घंटी वाजवून कुणा म्हातारीला चढायला वेळ देतोय, एवढं मला लागतंच. तो नसलेलं जग मी मागितलं नव्हतं. माझं त्याच्यावर प्रेम आहे. लिहून टाकलं. त्याला सांगायला गेले तर तो बिचारा नम्रपणे ऐकत राहिला, परक्या बाईचं ऐकावं तसा.

पुन्हा वर गेले. म्हातारीच्या पाया पडायचं तेवढं बाकी राहिलं होतं. तिला दया आली असावी. म्हणाली, चूल पेटवू नकोस असं आम्ही उगाच सांगतो का? ज्या घरची चूल पेटते, त्या घरात मेलेलं माणूस नसतं. तुझ्या हाताने शिजव आणि त्याला पोटभर जेवू घाल, तो उठेल. पण घंटा वाजून गेली आहे, पोरी, ती काही—

पुढचं ऐकायला मी थांबले नाही. जिना उतरत होते.

सोमवार, २८ सप्टेंबर. सकाळ

कालपासून काडी पेटत नाही. पेटते आणि विझते. खिडक्या लावल्या. त्याला खुर्चीवर बसवलंय, म्हणजे खुर्चीवर त्याचा शर्ट दिसतो, आत थोडासा तो—

पेटली! निळी ज्योत, भांड्याखाली. लसूण, तेल, लाल मिरची, स्पॅगेटी. लग्नानंतर पहिल्या रात्री हेच केलं होतं, करपलं होतं.

दोन ताटं मांडली. एक घास मी भरवला. गिळला त्याने. दुसरा. तिसरा त्याने स्वतः घेतला, काट्याने!

ओठांना रंग आला. खुर्ची करकरली त्याच्या वजनाने. आणि म्हणाला— मीठ कमी आहे. एकोणीस वर्षं हे ऐकून कान किटले होते. मी रडतेय, हसतेय, लिहितेय, सगळं एकदम.

सोमवार, दुपार

घंटा वाजतेय. सावकाश.

एत्तोरेने सगळं संपवलं. मग हाक मारली. मिरेल्ला, अगं कुठे आहेस? मी समोर होते. त्याचा हात धरलेला होता. त्याने न्हाणीघरात डोकावून पाहिलं, मग बागेत—

माझ्या ताटातली स्पॅगेटी सपक आहे. तीच, त्याच भांड्यातली. एकदम सपक.

दारावर थाप. गल्लीतल्या बायका, पांढरं फडकं. एकेकीने त्याला पोटाशी धरलं. मी ओरडले, मी आहे, इथे आहे, अरे एत्तोरे, इकडे बघ ना— तो म्हणत होता, आत्ता तर इथेच होती हो, तिनेच मला जेवू घातलं. एक बाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, असंच वाटतं, बाबा, पहिले काही दिवस असंच वाटतं.

फक्त दोन्ना असुंताने माझ्या खुर्चीकडे पाहिलं. कालचं राहिलेलं बोलली, अगदी हळू. घंटा मागे घेता येत नाही, पोरी. घरातलं एक माणूस द्यावंच लागतं.

एक वाडगा. एक चमचा. त्यांनी त्याला बजावलं, चूल पेटवू नकोस.

नको खाऊस. एत्तोरे, सपक आहे म्हण, मीठ कमी आहे म्हण, तुला तर कशाचीच चव— एकदा म्हण—

त्याने पहिला चमचा घेतला. रडतोय. उत्तम झालंय, म्हणाला.

आता उठला. माझं ताट धुतलं, पुसलं, फडताळात ठेवलं, आणि फडताळाचं दार लाव—