दार आत उघडतं

प्रिय आई,

सॉरी म्हणायला पत्र लिहिलंय असं वाटून उघडलं असशील, तर आधीच सांगते, तसं काही नाहीये. मावशीलाही हेच सांगितलं, मामालाही. आता तुला. खरं तर फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर माझं वाक्य अर्ध्यावर आलं की तू 'बरं ठेवते, साहेब आले' म्हणतेस. तुझे साहेब नेमके माझ्याच फोनला कसे येतात गं? म्हणून पत्र. माझ्या इंग्लिश मीडियमच्या मराठीत आहे, तेव्हा लाल पेन्सिल घेऊन बसू नकोस. निदान पहिल्यांदा वाचताना तरी नको.

शनिवारी तू येशील असं मला अजिबात वाटलं नव्हतं. पडद्याच्या फटीतून बघितलं तर शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेली तू. जशी काही मी गाता गाता येऊन ती पळवणार होते. मला एवढा आनंद झाला की पहिलंच गाणं भलत्याच वरच्या पट्टीत सुरू केलं आणि मग शेवटपर्यंत निस्तरत बसले. मागे ठोक्या ड्रम वाजवता वाजवता दात काढत होता. ठोक्या म्हणजे तोच, ज्याला तू 'जिन्याचा कठडा बडवत वर येणारा' म्हणतेस. आणि काडीला तर तू ओळखतेस. आपल्याकडे जेवायला आली की तू तिच्या मनगटाकडे बघत तिच्या ताटात वाढतच जातेस.

आमच्या शोबद्दल तू ऑफिसात सांगतेस ना, 'ती गाते आणि मागे कोणीतरी चित्रं काढतं', ते आधी बंद कर. मागे नाही गं, बरोबर! शाळेत असायचा तसला जुना प्रोजेक्टर आहे काडीकडे, काचेवर काढलं की ते भिंतभर मोठं दिसतं तो. गाणी माझी, ती ठरलेली. पण दोन गाण्यांच्या मधलं काहीच ठरलेलं नसतं. तिने एक थेंब काढला की ठोक्या तो टपटपवतो आणि मी त्यातून सूर उचलते. मी एखादा सूर ताणला तर तिची रेघ त्याच्याबरोबर चालत राहिली पाहिजे. मग ती ओल्या फडक्याने सगळं पुसते आणि ते चित्र पुन्हा कधीच होत नाही. नियम एकच. स्टेजवर 'नाही' म्हणायचं नाही. समोरच्याने जे दिलं ते घ्यायचं. एकदा एका दुःखी गाण्यात ती डोळा काढायला गेली आणि त्याचा मासा झाला. मग काय, मी माशाला गायले! आई, लोक रडले. माशासाठी!

आणि मग 'खिडकी' सुरू झालं. तुला ते आधी ऐकवलं नव्हतं, मुद्दामच. म्हटलं, सगळ्यांबरोबर ऐकशील. खिडकीत उभी असलेली बाई, बॅग घेऊन रस्त्याने जाणारा माणूस, आणि तो ठिपक्याएवढा होईपर्यंत ती बघत राहते. काडीने काय काढलं होतं त्या दिवशी! उघडं दार, पाठमोरा माणूस, हातात बॅग, लांबच लांब रस्ता, आणि खिडकीत मान खाली घातलेली तू. म्हणजे ती बाई. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी रुमाल काढला. मी मनात म्हटलं, जिंकलं. दिवे लागले तेव्हा तुझी खुर्ची रिकामी होती. ठोक्याने पाहिलं होतं. दुसऱ्या कडव्यालाच उठलीस म्हणे, आणि आपटू नये म्हणून दार हळूच ओढून घेतलंस.

रविवारी मावशीचा फोन. 'घरातलं असं भिंतभर मोठं करून दाखवतात का गं? आईचा तरी विचार करायचा.' मग मामा. मामा गोडीत. 'बाकी प्रोग्राम एकदम ए-वन हं. तेवढं एक गाणं काढून टाक.' जसा काही भातातला खडा. मी म्हटलं, नाही काढणार. मामा म्हणाला, अगं पण. मी म्हटलं, मामा, बाबांबद्दलचं 'तो तिला टाकून गेला, बिचारी' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात, आई पाणी आणायला आत गेली रे गेली की तुम्ही सगळे सुरू. मी तिथेच टेबलाखाली खेळत असायचे. तुम्ही कुजबुजलात तर काळजी आणि मी गायले की तमाशा? मामा म्हणाला, तू फार बोलायला लागलीस. मी म्हटलं, बोलत नाहीये, गातेय. आणि फोन ठेवला. खूप भारी वाटलं, खोटं कशाला बोलू.

सोमवारी तू फोन केलास, ऑफिसातून. मी तयारीत होते. कला म्हणजे काय, खरं बोलायची हिंमत, वगैरे सगळं भाषण पाठ करून ठेवलं होतं. पण तू रडली नाहीस की ओरडली नाहीस. नव्या पोरांनी काढलेले घरांचे नकाशे तपासताना तुझा जो आवाज असतो ना, त्या आवाजात बोललीस. 'एक, आपलं दार आत उघडायचं. तिने बाहेर उघडलेलं काढलंय. दोन, आपल्या खिडकीतून रस्ता दिसायचाच नाही, शेजारच्या बिल्डिंगची भिंत आणि पाइप दिसायचे. तिथे उभं राहून कोण काय बघणार? आणि बॅग त्याच्या हातात नव्हती. बॅग बाहेर होती.' मग साहेब आले.

पहिल्या दोन मुद्द्यांवर मी एवढी चिडले की तिसरा ऐकूच आला नाही. ठोक्या आणि काडीला गाठून पाय आपटत सगळं सांगितलं. म्हटलं, बघा, मी इथे काळीज काढून ठेवलंय आणि ही बाई दार कुठल्या बाजूला उघडतं ते तपासतेय. ठोक्या हसला. काडी नाही हसली. ती काच पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, 'बाहेर म्हणजे कुठे? मला काढायचं असेल तर कळायला हवं ना.' आणि आई, तुझा तिसरा मुद्दा मला तेव्हा कुठे ऐकू आला.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी आपल्या जुन्या घरी गेले. तिसरा मजला, अजून तोच हिरवा कठडा. बेल वाजवली. बनियनमधल्या एका काकांनी दार उघडलं. आत उघडलं. त्यांच्या खांद्यावरून समोर खिडकी दिसली, आणि खिडकीत भिंत, आणि भिंतीवर पाइप. 'कोण पाहिजे?' म्हणाले. मी म्हटलं, चुकून आले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दार लावून घेतलं. मी तिथेच उभी राहिले. माझी कीबोर्डची बॅग खाली ठेवून बघितली. जिन्याच्या तोंडाशी ठेवली तर येणारा-जाणारा अडखळेल, तू असं कधीच करणार नाहीस. मग कठडा आणि मीटरचा खोका यांच्यामध्ये ठेवली. बरोबर बसली. तिथेच होती ना? आणि मग मी ते चित्र मनात पूर्ण करायला गेले. बॅग इथे. दार बंद. तू आत, मी आत. आणि तो? तो निघालेला नाहीच मुळी. तो जिना चढून वर येतोय.

डब्यांची गोष्ट मी प्रत्येक शोमध्ये सांगते, माहितीये ना तुला? शनिवारी पण सांगितली, 'खिडकी'च्या बरोबर आधी. आयुष्यभर 'भोंग्या, आवाज कमी' म्हणणाऱ्या माझ्या आईने एका संध्याकाळी फळीवरचे सगळे स्टीलचे डबे काढले, रिकामे करून जमिनीवर पालथे घातले, माझ्या हातात दोन पळ्या दिल्या आणि म्हणाली, वाजव. मी बघतच राहिले. मग सुटलेच. तू दाराला पाठ टेकून जमिनीवर बसली होतीस, मांडीवर ड्रॉइंगचा बोर्ड, आणि म्हणत होतीस, जोरात, अजून जोरात! कुठून तरी एक ठेका आधीच येत होता, धब धब, धब धब. मला वाटलं तूच पाठीने दार वाजवतेयस. तू म्हणालीस, 'त्याच्यावरून वाजव. तो थांबला तरी तू थांबायचं नाही.' मला वाटलं खेळ आहे. मी वाजवत राहिले. तो थांबला. मी नाही थांबले. झाकणांच्या मध्येच झोपले म्हणे. लोक या गोष्टीला खूप हसतात, माझं करिअर असं सुरू झालं म्हणून. ठोक्या म्हणतो, शनिवारी तूही हसत होतीस.

मी जिन्यातच बसले, आई. ती धब धब दाराच्या या बाजूने येत होती. एक बाई भाजीच्या पिशव्या घेऊन वर येत होत्या. त्यांना दोनदा 'जरा सरकतेस का' म्हणावं लागलं.

का बाहेर ठेवलीस ते मी विचारत नाहीये. तुला सांगायचं असलं तर सांगशील, नाहीतर नको. मला एवढंच आठवतं की त्या संध्याकाळनंतर आपल्या घरात काचेचे ग्लास टिकायला लागले. पण एक मात्र विचारणारच. त्या सगळ्यांना तू इतकी वर्षं 'बिचारी' का म्हणू दिलंस? मावशी तुझ्या पाठीवरून हात फिरवायची आणि तू तिला चहा करून द्यायचीस! एकदाही म्हणाली नाहीस की अगं, मला कोणी टाकलं नाही, मी दाराला पाठ लावून बसले होते. आणि मी? मी त्यांच्याकडून ऐकलेली बिचारी उचलली, तिला चाल लावली आणि भिंतभर मोठी केली. जी खिडकी नव्हतीच तिच्यात तुला मान खाली घालून उभी केली. तू उठून गेलीस ते बरोबरच केलंस. मी असते तर दार आपटून गेले असते.

आता पत्र कशासाठी ते. येत्या शनिवारी या हॉलमधला आमचा शेवटचा शो आहे. मामाला पुन्हा फोन करून सांगितलंय की गाणं काढणार नाही, फक्त चित्र बदलणार आहे, आणि या वेळी तू आणि मावशी पहिल्या रांगेत बसा. पण नवं चित्र काडीला काढता येणार नाही. ती तिथे नव्हती. मी होते, पण डब्यांच्या बाजूला. ते फक्त तुला काढता येईल. काडी उठून बाजूला होणार आहे, तिने आपणहून सांगितलंय. काच पुसलेली असेल, पेन ठेवलेलं असेल, स्केलपट्टी हवी तर तुझी आण. रिहर्सल नाही, आमच्याकडे नसतेच. तू रोज काढतेस तसा नकाशा काढ. भिंत, दार, दार कुठे उघडतं ती पाव गोलाची रेघ, मीटरचा खोका, बॅग. आणि दाराच्या आतल्या बाजूला तू जिथे बसली होतीस तिथे जे काढायचं ते. शब्द एकही नाही. ठोक्या मागून तो धब धब देईल आणि मी समोर तुझे डबे घेऊन बसेन. मागच्या खेपेला घरी आले तेव्हा मोठे तीन नेले, तू अजून शोधत असशील. तो थांबेल, मी थांबणार नाही. आणि स्टेजवर 'नाही' म्हणायचं नसतं हा नियम वर सांगितलाच आहे. आली नाहीस तर मी जुनंच 'खिडकी' गाणार. बाहेर उघडणारं दार, खोटा रस्ता, मान खाली घातलेली बिचारी, सगळ्या कडव्यांसकट, पूर्ण आवाजात, दर शनिवारी, जिथे हॉल मिळेल तिथे. तू मला ओळखतेस. साहेबांना सांग, शनिवारी लवकर निघायचंय.

तुझाच,
भोंगा