एकसष्ट नावांचा फलक

३ फेब्रुवारी, केप कोस्ट
थोरल्या बहिणीची, एकुवाची, अंत्ययात्रा २८ला ठरली. आई गेली तेव्हा छापखानेवाल्या क्वान्साच्या गलेलठ्ठ अक्षरांनी शोकफलकाची सगळी जागा खाल्ली आणि नातेवाइकांच्या यादीतून नेमकी धाकट्या भावाची मुलं, एल्मिनाची अराबा आणि तिचे दोघे भाऊ, गळली. बारा वर्षं एल्मिनाहून कोणी आमचा उंबरा चढलेलं नाही. एकुवाने शेवटी माझा हात धरून सांगितलं, “या वेळी अराबाचं नाव राहू देऊ नकोस.”
राहील कसं? अक्षर मी काढणार आहे.

५ फेब्रुवारी
अक्षर तयार: उंच, सडसडीत, टोकांना सेरिफच्या नेटक्या आडव्या रेघा. आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर प्रार्थनेला उभ्या राहायच्या तसं: दाटी खूप, पण एकीचा धक्का दुसरीला नाही. एकसष्टच्या एकसष्ट नावं बसली. हे अक्षर पाहिलं की सगळा गाव हेच मागेल.

११ फेब्रुवारी
क्वान्सा एकेकाळी माझा विद्यार्थी. आता पन्नाशीचा, अक्कल तेवढीच. म्हणे, “मिस, हे मथळ्याचं अक्षर. तीन शब्दांना शोभेल. इतकं बारीक केलंत तर आडव्या रेघा छपाईत उडतील.”
मी म्हटलं, “सुलेखनात तुला मी दहापैकी तीन दिले होते.”
“दोन, मिस.”
आणि छापायला घेतलं.

१६ फेब्रुवारी
फलक लागले. भारदस्त! कोपऱ्यावर केंकी, म्हणजे मक्याचे उकडलेले गोळे, विकणाऱ्या बाईने विचारलं, “मॅडम, लोखंडी गेटांचं दुकान काढलंत?”
अडाणी बाई. तिच्याकडची केंकी बंद.

२० फेब्रुवारी
अराबाचा निरोप: “आत्या, फलकासमोर अर्धा तास उभी होते. याही वेळी आम्ही नाहीच. येत नाही.”
आहेस की! तिसरी ओळ, सातवं नाव! डोळे तपास म्हणावं.

त्याच दिवशी, दुपारी ४
खात्री करायला चौकात गेले. आधी चष्मा लावला. मग भिंग. तिसऱ्या ओळीत नुसते उभे गज.
ऊन फार होतं.

२१ फेब्रुवारी
क्वान्साला सांगितलं, एल्मिनाच्या नाक्यासाठी एकच फलक कर. तुझ्या त्या हत्तीपायी अक्षरात. एकुवाच्या फोटोखाली अराबा आणि तिचे दोघे भाऊ.
“आणि बाकीची अठ्ठावन्न, मिस?”
“ती माझ्या फलकावर आहेत.”
तो हसला नाही. मेल्याने हसायला हवं होतं.

२८ फेब्रुवारी, शनिवार
अराबा आली. सुतकाचं काळं-लाल नेसून, दोन्ही भावांना घेऊन. शवपेटीजवळ खूप रडली. मग माझ्या गळ्यात पडली. “आत्या, धावत्या ट्रोट्रो बसमधून नाक्यावरच्या फलकावर नाव वाचलं गं! ड्रायव्हरला ओरडून थांबवलं. काय ते अक्षर! तूच काढलंस ना?”
हो म्हटलं.
क्वान्सा शेजारीच उभा होता. त्याने मान खाली घातली, शवपेटीकडे पाहत राहिला.
त्याचे गुण वाढवायला हवेत. तीन करते.