आईच्या खुर्चीखालची तार

प्रिय भिंगरी,

आधी मी स्वतःच्या हातांनी काय काय केलं ते सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना कोण बोलतोय हे तुझ्या लक्षात राहील. दुकानातलं कामाचं टेबल, जुन्या दाराच्या फळीचं. त्यावर पाण्याचा थेंब ठेवला तर तो जागचा हलत नाही. मोडक्या इस्त्रीच्या तळापासून केलेली, बोर्ड खालून तापवायची शेगडी. माशांच्या टाकीतला पंप उलटा जोडून केलेलं उचलणं. हवा फुंकायच्या ऐवजी ओढतं, आणि तिळापेक्षा बारीक भाग अलगद उचलतं. कॅमेऱ्याचं भिंग नि टेबललॅम्पची मान जोडून केलेलं सूक्ष्मदर्शक. सात मेलेल्या कॉम्प्युटरांतून उभा केलेला एक जिवंत, ज्यावर तू टाइप करायला शिकलीस. त्याचं एंटरचं बटण निखळलं होतं, तिथे मी शर्टाचं बटण बसवलं होतं. शाळेतला कीबोर्ड पहिल्यांदा पाहून आलीस आणि विचारलंस की त्यांच्या एंटरला चार भोकं का नाहीत. आणि सगळ्यांत अलीकडची वस्तू म्हणजे आईच्या खुर्चीखालची तार. तिच्याबद्दल पुढे सांगतो. तुला या यादीत धरलेलं नाही. तुला आपण एकटीने घडवलं असं तुझ्या आईचं म्हणणं आहे, आणि त्या वादात मी पडत नाही.

तुमच्या फोनच्या कंपनीकडून आलेला माणूस दोनदा येऊन गेला. दुरुस्ती केंद्राच्या करारासाठी तू माझं नाव सुचवलंस हे त्याने पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. घरमालकाने घर आणि पुढचं दुकान विकायला काढलंय हे तुला कळल्यापासून तुझ्या जिवाला घोर लागला असणार, म्हणून तू हे केलंस, तेही मला कळलं. मुलगा गुणी आहे. बूट बाहेर काढून आत आला, सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि बराच वेळ डोळा काढला नाही. मी पाठीवर रंगीत ठिपके लावलेले फोन त्याने एकेक उचलून पाहिले. ते ठिपके तुझ्या मागच्या मुक्कामानंतर सुरू केले. हिरवा म्हणजे सगळी कामं करा. पिवळा म्हणजे फोन करा, फोटो काढा, पण बँकेचं काम यावर नको. तांबडा म्हणजे घड्याळ, गाणी आणि बॅटरीचा उजेड, बास. समोरचा बेकरीवाला म्हणतो, तुझं दुकान म्हणजे म्हाताऱ्या फोनांचं आजोळ आहे, येतात आणि परत जायचं नाव काढत नाहीत. त्याचा स्वतःचा फोन पिवळा आहे, आणि मी त्याला पिवळा दिला म्हणून तो महिनाभर माझ्याशी फुरंगटून होता.

ठिपक्यांची अक्कल तुझी आहे. मागच्या वेळी जेवताना आपली जुंपली होती, आठवतं? मी म्हणालो होतो, चालता फोन कंपनीने सोडून देणं म्हणजे धडधाकट माणसाला अंथरुणावर झोपवणं. तू ताट बाजूला सरकवलंस आणि मला नीट समजावलंस. चिप बनवणारा एक, फोन बनवणारा दुसरा. चिपवाल्याने आतला कोड द्यायचं थांबवलं की वरच्याने कितीही मनात आणलं तरी सुरक्षेतली भोकं बुजत नाहीत. कुलूप दिसतं, पण लागत नाही. अशा कुलपाच्या भरवशावर कोणाचे तरी साठवलेले पैसे ठेवायचे का? "बाबा, माया वेगळी आणि जबाबदारी वेगळी," असं म्हणालीस. दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन ठिपक्यांचे कागद कापायला बसलो. तुझं म्हणणं बरोबर होतं. उगाच जुनं ते सोनं करत बसणारा मी नाही. जे धोक्याचं आहे ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर धोक्याचंच सांगितलं पाहिजे.

माझंही एक म्हणणं तेव्हा अर्धं राहिलं होतं, ते आता पुरं करतो. तुम्ही म्हणता इतकी वर्षं सांभाळू. पण वर्षं मोजता कुठून? मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून. आपल्या गल्लीत कोणी पहिल्या दिवशी फोन घेत नाही. किंमत उतरली की घेतात, दोन-तीन वर्षांनी. म्हणजे खोक्याचं प्लॅस्टिक फाडतानाच त्याचं अर्धं आयुष्य संपलेलं असतं, आणि ते घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. बेकरीवाल्याच्या पावावर तारीख असते. दुधाच्या पिशवीवर असते. फोनच्या खोक्यावर का नको? शेवटचा नग विकला गेला त्या दिवसापासून मोजा, तारीख ठळक छापा, आणि ज्या दिवशी हात काढून घ्याल त्या दिवशी आतली किल्ली उंबऱ्यावर ठेवून जा, म्हणजे ज्याला जमेल तो पुढे सांभाळेल. जन्मभर सांभाळा असं मी म्हणत नाही. किती दिवस सांभाळणार ते आधी सांगा आणि जाताना दार बाहेरून खिळे ठोकून बंद करू नका, एवढंच म्हणतो.

आता तारेकडे येतो. हे सांगायची तुझ्या आईने मनाई केली होती. काल तिने ती मनाई उठवली, म्हणून लिहितोय.

तू मला म्हणाली होतीस की आई हल्ली तुटक बोलते. हो, बरं, जेवलीस का, सावकाश कर, आणि ठेवून देते. तुला वाटलं ती रागावलीय, लांबची नोकरी धरलीस म्हणून. मला वाटलं तिची तब्येत बरी नाही. दोघांचंही चुकलं होतं. एका दुपारी मी दुकानातून पाणी प्यायला आत गेलो. ती फोन कानाला लावून बसली होती आणि अधूनमधून हो, बरं, असं म्हणत होती. मी फोन तिच्या हातातून घेऊन पाहिला, तर पडद्यावर कॉल नव्हता, नुसतं घड्याळ होतं. तुझा फोन केव्हाच तुटला होता. ती कोणाशीच बोलत नव्हती, आणि तिला ते माहीतही नव्हतं.

तिच्या कानाची मशीनं फोनशी थेट जोडलेली होती, तुझा आवाज सरळ कानात उतरायचा. समोरासमोर तिला ओठ पाहून समजतं, पण फोनवर त्या जोडणीशिवाय तिला नुसती घरघर ऐकू येते. स्पीकर लावूनही तेच. तो फोन तुमच्या कंपनीने सोडला, मग कानाच्या मशीनवाल्यांचं ॲप म्हणालं, इतक्या जुन्या फोनवर आम्ही चालणार नाही. ठीक आहे, म्हटलं, नवा फोन. शेजारच्या दुकानातून एक दिवसासाठी तुमचाच नवा मागून आणला. तो म्हणाला, इतकी जुनी कानाची मशीनं मी ओळखत नाही. दोन्ही चांगल्या चालत्या वस्तू, आणि दोन कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवून मोकळ्या. मधल्या मध्ये तुझ्या आईने सात-आठ महिने अंदाजाने संसार केला. तू काय विचारत असशील ते ठरवायचं आणि त्याला बसेल असं उत्तर द्यायचं. मी विचारलं, मला का नाही बोललीस? तर म्हणाली, "तो फोन तिच्याच कचेरीने बंद केलाय. तिला सांगायचं म्हणजे तिच्या कामाला नाव ठेवल्यासारखं झालं असतं." आपल्या घरात हट्टीपणा माझ्याकडून आलाय असं तू समजतेस. पुन्हा विचार कर.

मग मी तिची मशीनं सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. त्यांच्यात तांब्याची एक केसाएवढी बारीक गुंडाळी दिसली. ही फार जुनी सोय आहे. जवळच्या तारेतून आवाजाचा प्रवाह फिरला की ती गुंडाळी तो झेलते आणि कानात सोडते. ॲप नाही, पासवर्ड नाही, कोणाची परवानगी नाही. कानाच्या दवाखान्यातल्या बाईंनी ती सोय मशीनमध्ये चालू करून दिली. मी एका जळक्या ट्रान्सफॉर्मरची तार सोडवली, तिच्या खुर्चीच्या बैठकीखाली वेढे घातले, जुन्या रेडिओतला आवाज वाढवायचा भाग मधे बसवला आणि त्याची पिन तिच्याच जुन्या फोनच्या हेडफोनच्या भोकात घातली. ते भोक नव्या फोनांना तुम्ही ठेवलेलंच नाही, हे जाता जाता सांगतो.

पहिला प्रयोग फसला, आणि फसला तो माझ्या घाईने. खुर्ची मी ज्या भिंतीला लावली होती तिच्या पलीकडेच विजेचा मीटर आहे. गुंडाळीने तुझ्याआधी त्यालाच झेललं. तुझी आई कानावर हात ठेवून म्हणाली, "अहो, आपली पोरगी मधमाश्यांच्या पोळ्यात राहते का?" इतक्या वर्षांचा अनुभव आणि भिंतीमागे काय आहे ते पाहिलं नाही. मग खुर्ची घेऊन सगळ्या घरात हिंडलो. स्वयंपाकघरात फ्रिज गुणगुणत होता, झोपायच्या खोलीत पंखा. शेवटी आवाज स्वच्छ आला तो दुकानातल्या खिडकीपाशी. म्हणून आता तुझी आई दुपारची माझ्या दुकानात बसते, गिऱ्हाइकांना सल्ले देते, आणि कोणाला कोणत्या रंगाचा ठिपका द्यावा यावर माझ्याशी हुज्जत घालते.

गेल्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा ती त्या खुर्चीत होती. तू तिला सांगितलंस की जुन्या मॉडेलांना आणखी दोन वर्षं मिळाली, तू वरिष्ठांशी भांडून ती मिळवलीस, आणि तो सगळा विभाग आता तुझ्या हाताखाली आला. हे तू तिला महिन्यापूर्वीही सांगितलं होतंस. तेव्हा ती "बरं, सावकाश कर" म्हणाली होती. या वेळी तिने ऐकलं. तुला आठवत असेल, ती फक्त पुन्हा सांग म्हणाली. तू हसलीस, तुला वाटलं लाडाने म्हणतेय. ती पहिल्यांदाच ऐकत होती गं. नंतर तिने खुर्चीच्या हातावरून हात फिरवला, जसा ती तुझ्या पाठीवरून फिरवायची. मी सोल्डरिंगचा धूर डोळ्यांत गेल्याचं सांगितलं. सोल्डरिंग गन बंद होती.

ती दोन वर्षं जाहीर झाल्याची बातमी मी आधीच वाचली होती, आणि हात कोणाचा ते पहिल्या ओळीतच ओळखलं होतं. बेकरीवाल्याला इतक्या वेळा सांगितलं की आता तोच मला सांगायला येतो. आपल्या घरचा फोन त्या दोन वर्षांत बसला नाही, त्याला तुझा इलाज नव्हता. कुठेतरी रेघ मारावी लागते. तुझी रेघ तू पुढे सरकवलीस. या घरात कोणी याहून मोठं काम केलेलं नाही, आणि त्यात मी माझं सूक्ष्मदर्शकही धरलं.

तुमच्या कंपनीचा मुलगा दुसऱ्यांदा आला तेव्हा खुर्ची रिकामी होती. खालून निघालेली तार कुठे जाते म्हणून त्याने विचारलं. मी सगळं सांगितलं. तिचा फोन त्याने उलटा करून पाहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "हे मॉडेल यादीत नाही." करारात एक अट होती. यादीत नसलेला फोन घेऊन कोणी आलं की त्याला 'हा दुरुस्त होत नाही' असं छापील उत्तर द्यायचं आणि नवा दाखवायचा. बाकी दुकान माझंच. मी त्याला म्हणालो, एवढं एक वाक्य बदला. 'कंपनी हा दुरुस्त करत नाही, दुसरीकडे विचारा' असं लिहा, मी या क्षणी सही करतो. ते खरं आहे, आणि खरं सांगायला माझी कधीच ना नव्हती. पण होत नाही असं मी कसं म्हणू? त्याच फोनवर तुझी आई तिथे खिडकीपाशी बसून ऐकते. त्या मुलाने बाहेर जाऊन वर फोन लावला, बराच वेळ बोलला. आत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरच उत्तर होतं. जाताना म्हणाला, माझ्या आजीलाही कानाची मशीनं आहेत, तारेचं मला लिहून द्याल? दिलं, आकृतीसकट.

आमची काळजी करू नकोस. बेकरीच्या मागची खोली बघून ठेवलीय, राहायला वर दोन खोल्या आहेत. भट्टीची ऊब असते आणि मुख्य म्हणजे त्या भिंतींत कुठेही मीटर नाही. या वेळी आधी पाहिलं. खुर्ची ठेवून, आईला बसवून, तुझा जुना निरोप वाजवून खात्री केली.

सोमवारी माझं उत्तर तुझ्या टेबलावर येईल, कारण नाव तू सुचवलं होतंस. कोणी तुझ्यापाशी हळहळेल, कोणी हसेल. बापाने माझा मान ठेवला नाही असं क्षणभर तुलाही वाटेल. तसं नाही. मी तुझ्या कामाला नाही म्हणालो नाही, त्या एका वाक्याला म्हणालो, आणि ते वाक्य बदलायचं तर ज्या खुर्चीवर बसावं लागतं तिच्यावर आता तू आहेस. म्हणून हे पत्र. मी काय सोडलं ते दुसऱ्याच्या तोंडून तुला कळू नये, माझ्याच अक्षरात कळावं: अधिकृत दुरुस्ती केंद्राची पाटी, कंपनीच्या खर्चाने नवं दुकान, सही केल्याबरोबर नऊ लाख, आणि पुढची पाच वर्षं दर महिन्याला ऐंशी हजार. नको म्हणालो.

तुझाच, आणि अजून जुन्याच पाटीखाली बसणारा,
बाबा